केकवर खरी फुलं: नागपूरच्या हवेत जमेल अशी पद्धत

खऱ्या फुलांचा केक ही हौस आता नागपुरातल्या घरगुती बेकिंगवाल्यांपर्यंत चांगलीच पोहोचली आहे. ऑर्डर देणारे मोबाइलवर फोटो दाखवतात आणि "अगदी असाच पाहिजे" म्हणतात. फोटोत फुलं दिसतात, ती कुठून आणली ते दिसत नाही. म्हणून नव्याने शिकणाऱ्यांना मी आधी एवढंच सांगते: केकवर ठेवलं ते फूल पानात वाढलं असं समजा. पाहुणे ते बाजूला काढतील असं धरून चालू नका. पोरं तर केकच्या आधी फूलच उचलतात.

दुसरी अडचण आपल्या हवेची. फुलांच्या केकची बहुतेक माहिती थंड देशांतून येते आणि तिथल्या सूचना आपल्याकडे मे महिन्यात अर्ध्या तासात लोळण घेतात. तेव्हा खाली लिहिलंय ते इथल्या स्वयंपाकघराचा विचार करूनच.

कोणती फुलं घ्यायची

सुरुवात पाच-सहा फुलांवर करा. तेवढी नीट ओळखू यायला लागली की यादी आपोआप वाढते.

देशी गुलाब पहिला. गुलकंदाचा, वासाचा, गावठी म्हणतो तो. पाकळीचं देठाकडचं पांढरं टोक कडवट असतं, ते कात्रीने छाटून टाकायचं. श्रीखंड, रबडी, व्हाइट चॉकलेट, सगळ्यांशी याचं जमतं. बाजारातला लांब दांड्याचा डच गुलाब दिसायला देखणा, पण तोंडात टाकला तर कागद चावल्यासारखा लागतो.

गोकर्ण हे आपल्याकडचं सगळ्यात कामाचं फूल. कुंपणावर चढवला की पावसाळाभर आणि पुढेही फुलत राहतो. चव जवळजवळ नाही, पण रंग असा की कृत्रिम निळ्याची गरज राहत नाही. घ्यायच्या त्या फक्त पाकळ्या. त्याचं बी आणि मूळ रेचक असतं, त्यामुळे शेंगा धरलेल्या वेलावरून घाईघाईत ओरबाडू नका.

झेंडूच्या पाकळ्या चालतात, पण चिमूटभर. वास उग्र असतो आणि खालचा हिरवा भाग कडू जहर. संत्र्याच्या केकवर मात्र पिवळ्या-केशरी पाकळ्यांची बारीक भुरभुर छान दिसते आणि वासही जुळतो. कॅलेंडुला मिळाला तर झेंडूपेक्षा मवाळ, नवख्यांसाठी तोच बरा.

जास्वंदाच्या फक्त पाकळ्या घ्यायच्या, मधला दांडा परागांसकट काढून. तोडलेलं फूल संध्याकाळपर्यंत मिटतं, म्हणून त्याच दिवशी वापरायचं. गरोदर बायकांना जास्वंद देऊ नये असं जुनी माणसं सांगतात. डोहाळजेवणाच्या केकवर मी ते लावत नाही.

हिवाळ्यात पॅन्सी आणि व्हायोला. चपटी, चेहऱ्यासारखी फुलं, केकवर आडवी ठेवली की हलत नाहीत, साखरेत घोळवायलाही सोपी. नॅस्टर्शियमची चव मोहरीसारखी झणझणीत. गोडावर ती सगळ्यांना रुचेल असं नाही, क्रीम चीजवर मात्र मजा येते.

मोगरा मी केकवर ठेवत नाही, त्याचा वास घेते. परसातल्या मोगऱ्याच्या मूठभर उमललेल्या कळ्या साखरेच्या बरणीत रात्रभर ठेवायच्या, सकाळी काढून टाकायच्या. त्या साखरेचं कस्टर्ड करून बघा. क्रीममध्येही फ्रिजमध्ये रात्रभर मुरवून गाळून घेता येतो.

आपल्या विदर्भाच्या खात्यात आणखी दोन गोष्टी आहेत आणि त्या केकवाल्यांना फारशा सुचत नाहीत. एक, लाल अंबाडी. थंडीच्या सुरुवातीला तिची बोंडं येतात. वापरायचा तो फुलाखालचा मांसल लाल भाग. आतली बी काढून साखरेच्या पाकात पाच मिनिटं शिजवला की माणकासारखा रंग आणि आंबट-गोड चव. चीजकेकवर ओतायला याहून चांगलं काही मला तरी माहीत नाही. दुसरं मोह. वाळलेला मोह निवडून, आतले केसर काढून, धुऊन बारीक चिरला की मनुकांच्या जागी चालतो. ताज्या मोहाचा वास मात्र सगळ्यांना झेपत नाही, पहिल्यांदा घरच्यांवर प्रयोग करा. पळस आणि बहावा ऐन हंगामात रस्तोरस्ती खुणावतात, पण मी दोन्ही केकवर घेत नाही. पळसाचं रंगपंचमीला ठीक आहे.

कोणती फुलं केकच्या आसपासही नकोत

ही यादी पाठ करा. कण्हेर, पांढरी असो की गुलाबी, आणि पिवळ्या घंटेसारखी बिट्टी: दोन्हींच्या सर्व भागांत हृदयावर परिणाम करणारं विष असतं. धोतरा आणि रुई महादेवाला वाहतो म्हणून खाण्याची होत नाहीत. घाणेरी, कळलावी, रातराणी, चाफा, अँथुरियम, हायड्रेंजिया, डॅफोडिल, लिली, सगळी बाद.

सदाफुली गेटागेटाशी फुललेली असते, पाच पाकळ्यांची, नीटस, केकवर अगदी शोभेल अशी. तिच्यातल्या द्रव्यांपासून कर्करोगावरची औषधं बनतात, यावरून तिचा जोर समजून घ्या. स्वीट पीचं फूल मटाराच्या फुलासारखंच दिसतं. मटाराचं फूल खाता येतं, स्वीट पीचं विषारी. ते लाखोळीच्या जातभाईंपैकी आहे, आणि लाखोळीची डाळ सतत खाऊन पाय लुळे पडतात, ही गोष्ट विदर्भातल्या माणसाला वेगळी सांगायला नको.

जिप्सोबद्दल वाद होतो. पांढरी बारीक फुलं, बुके करणाऱ्यांकडे ढिगाने मिळतात आणि केकमध्ये सर्रास खोचली जातात. त्याने त्वचेला आणि पोटाला त्रास होऊ शकतो, शिवाय बारीक फुलं क्रीममध्ये गळून पडतात आणि मग शोधूनही काढता येत नाहीत. गिऱ्हाईक हट्ट करत असेल तर साखरेच्या पेस्टची फुलं करून द्या.

दांड्याला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळलं की कोणतंही फूल चालतं, हा समज फार पसरलाय. फॉइल दांड्याला असतं. पाकळ्या, पराग आणि त्यावरची फवारणी क्रीमला लागतेच.

नावाची खात्री नसेल तर फूल वापरू नका. मोबाइलमधल्या ॲपने सांगितलेलं नाव ही खात्री नव्हे.

फुलं आणायची कुठून

बर्डीवर नेताजी मार्केटात सकाळी झेंडू, शेवंती, गुलाबाचे ढीग बघून मोह होतो. ती फुलं हार-तोरणाची, पूजेची. भाजीपाल्याला फवारणी आणि तोडणी यांत काही दिवस सोडायचे असतात. हाराच्या फुलाला ते कोण सोडतो? धुतल्याने धूळ जाते, पाकळीत मुरलेलं औषध जात नाही. काही शेवंत्या तर चक्क रंगात बुडवलेल्या असतात, चमकी मारलेल्या असतात. हाच नियम बुकेच्या फुलांना, देवळातल्या फुलांना आणि रस्त्याच्या कडेच्या झाडांना. संत्र्याचा बहार खाण्याजोगा असतो आणि वासाला तर तोड नाही, पण बागेत फवारणी झालेली असणार हे गृहीत धरा. घरच्या झाडाचा बहार असेल तरच घ्या.

तेव्हा फुलं एक तर स्वतः लावायची, नाही तर फवारणी करत नाही अशी ज्याची खात्री आहे त्या ओळखीच्या माणसाकडून घ्यायची. गच्चीवर आठ-दहा कुंड्या पुरतात.

पॅन्सी, व्हायोला, कॅलेंडुला, नॅस्टर्शियम यांचं बी सप्टेंबरच्या शेवटी ते ऑक्टोबरमध्ये पेरा. नॅस्टर्शियमला रोप हलवलेलं आवडत नाही, थेट कुंडीतच टोचा. डिसेंबर ते फेब्रुवारी फुलं मिळतील, मार्चच्या उन्हात रोपं बसतात, त्यांचा शोक करू नका. गोकर्णाचं बी रात्रभर भिजवून पावसाच्या तोंडाशी पेरलं की झालं. देशी गुलाबाला उन्हाळ्यात दुपारची सावली हवी, हिरव्या जाळीखाली ठेवा.

नर्सरीतून फुललेलं रोप आणलं तर त्यावरची फुलं खाऊ नका, ती औषध मारूनच विकायला येतात. फुलं-कळ्या खुडून टाका, दोन-तीन महिने जाऊ द्या, मग येणारी फुलं वापरा. पॅन्सीला तेवढं आयुष्यच नसतं, म्हणून ती बियांपासूनच करावी. मावा पडला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. कडुनिंबाचं तेल कळ्यांवर मारलं की त्याचा वास पाकळीत बसतो, आणि निंबोळीच्या वासाचा केक कोणी मागितलेला नाही.

तोडणं, निवडणं, धुणं

सकाळी दव सुकल्यावर आणि ऊन चढायच्या आत तोडायचं. उन्हाळ्यात हा वेळ जेमतेम तासाभराचा असतो. फूल झटकून मुंग्या, बारीक किडे काढा. मोठ्या पातेल्यात गार पाणी घेऊन फूल देठाकडून धरून एकदा-दोनदा बुडवा, नळाखाली धरू नका, पाकळी फाटते. स्वच्छ सुती कपड्यावर पालथं घालून सुकू द्या.

मग देठ, खालचा हिरवा भाग, पुंकेसर आणि मधला दांडा काढा. पराग ज्यांना सोसत नाहीत त्यांना त्यानेच शिंका, खाज, दम लागतो. पॅन्सी, व्हायोला एवढी लहान असतात की पूर्ण फूल ठेवलं तरी चालतं, पण दम्याचा किंवा ॲलर्जीचा माणूस असेल तर त्याला अजिबात फूल देऊ नका. झेंडू, शेवंती, कॅलेंडुला एका कुळातले. एक सोसत नसेल तर दुसरंही सोसणार नाही असंच धरा. नवीन फूल आधी स्वतः एक पाकळी खाऊन बघा आणि दिवसभर थांबा.

लगेच वापरायची नसतील तर डब्यात ओलसर कपडा, त्यावर फुलं एका थरात, झाकण घट्ट लावून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. पॅन्सी दोन-तीन दिवस टिकते. गोकर्ण दुसऱ्या दिवशी मलूल.

साखरेत घोळवलेली फुलं

नागपूरकराने हे आधी शिकावं. ताजं फूल उन्हाळ्यात तासभर टिकत नाही, साखरेतलं काही महिने टिकतं.

परदेशी कृतीत अंड्याचा पांढरा भाग लावतात. कच्चं अंडं नको, आणि आपल्याकडे एगलेसच्या ऑर्डरी भरपूर. त्याऐवजी डिंक घ्या. लाडवाला वापरतो तो बाभळीचा, पाण्यात विरघळणारा. कतीरा आणू नका, तो नुसता फुगतो. डिंक खलात कुटून चाळा. एक चहाचा चमचा पूड, दोन मोठे चमचे खाण्याचं गुलाबजल. रात्रभर ठेवून सकाळी गाळा. मध पातळ केल्यासारखं झालं पाहिजे.

साखर मिक्सरमध्ये दोन-तीनदा फिरवून थांबा. पिठीसाखर झाली तर फुलावर लगदा होतो. दाणा बोटाला जाणवला पाहिजे.

आता एक पाकळी चिमट्यात धरा. मऊ, नव्या, खाण्यासाठीच ठेवलेल्या ब्रशने पुढून-मागून डिंकाचं पाणी लावा, दुमडीतही. सुटलेला कोरडा ठिपका तिथूनच तपकिरी पडतो. प्रकाशात तिरकी धरली की कोरडी जागा लगेच दिसते, बाकीची पाकळी चकाकते आणि तेवढीच मंद राहते. मग चमच्याने वरून साखर भुरभुरा, साखरेत बुडवू नका. जास्तीची झटका आणि बेकिंग पेपरवर पसरा.

वाळवायची जागा महत्त्वाची. एप्रिल-मेमध्ये आपली हवा इतकी कोरडी असते की पंख्याखाली पाकळ्या दिवसाभरात कडक होतात. पण कूलर चालू असलेल्या खोलीत ठेवाल तर चार दिवसांनीही चिकटच. कूलरची हवा गार असली तरी ओली असते. उन्हात ठेवू नका, रंग उडतो. पावसाळ्यात एसीच्या खोलीत ठेवा, नाही तर बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून. वाकवल्यावर कडकन मोडली म्हणजे झाली. हवाबंद बरणीत भरा, फ्रिजमध्ये नको, तिथे घाम सुटतो.

गुलाबाच्या सुट्या पाकळ्यांवर हात बसवा, मग पॅन्सी. जास्वंदाच्या वाटेला जाऊ नका, फार पातळ, गोळा होतो.

संत्रा-गोकर्ण जेली

नवख्याला फुलांचं पहिलं गोड करायचं असेल तर मी केकच्या आधी हे सुचवेन. जेली जिलेटिनची केली तर आपल्या उन्हाळ्यात टेबलावर वितळते. चायना ग्रासची एकदा बसली की ८५ अंशांच्या आसपास गेल्याशिवाय वितळत नाही, म्हणजे नागपूरच्या कोणत्याही दुपारला पुरून उरते. गंमत अशी की ती बसते ४० अंशांच्या खाली, त्यामुळे मे महिन्यात ओट्यावर बसायची वाट बघू नका, थेट फ्रिजमध्ये.

खालचा थर: २५० मिली पाण्यात ५ ग्रॅम चायना ग्रासची पावडर आणि पाच मोठे चमचे साखर, ढवळत उकळी आणा, दोन मिनिटं उकळू द्या. गॅस बंद करून २५० मिली गाळलेला संत्र्याचा रस घाला. रस फ्रिजमधला नको, गुठळ्या होतात. रस घालून उकळायचंही नाही. आंबटाबरोबर उकळलं की चायना ग्रास नीट धरत नाही आणि ताज्या संत्र्याचा वासही जातो. साच्यात ओता.

वरचा थर: वीसेक गोकर्णाच्या पाकळ्यांवर ५०० मिली कडकडीत पाणी, दहा मिनिटं झाकून ठेवा, गाळा. त्यात तेवढीच साखर आणि ५ ग्रॅम पावडर घालून उकळा. रंग निळा राहू द्यायचा की लिंबाचे चार-पाच थेंब टाकून जांभळा करायचा, ते तुम्ही ठरवा. लिंबू गॅस बंद केल्यावर. संत्र्याचा रस यात मिसळू नका, मातकट रंग होतो.

खालच्या थराला साय धरली पण बोटाला चिकटतोय, अशा वेळी त्यावर व्हायोला किंवा झेंडूच्या पाकळ्या मांडा. आधी वाटीभरच निळं पाणी हलकेच ओता आणि बसू द्या. एकदम सगळं ओतलं तर फुलं तरंगून वर येतात. खालचा थर पूर्ण गार होऊन गुळगुळीत झाला असेल तर कापताना दोन थर सुटतात, म्हणून ही वेळ चुकवायची नाही. उरलेलं पाणी मध्येच बसलं तर पुन्हा गरम करून घ्या, काही बिघडत नाही.

गोकर्णाचं पाणी केकच्या पिठात घालायचा मोह टाळा. खायच्या सोड्याने त्याचा निळा हिरवट-करडा होतो आणि केक शिळा वाटतो. क्रीममध्ये, ग्लेझमध्ये घाला.

केकवर फुलं लावताना

दांडा केकमध्ये खुपसू नका, खाण्याचा भागच ठेवा, तोही आडवा. पाकळीखाली वितळलेल्या व्हाइट चॉकलेटचा थेंब लावला तर ती घसरत नाही आणि क्रीमचा ओलावा तिच्यात लवकर शिरत नाही. तार, टेप, टूथपिक, काहीही नको.

ताजी फुलं केक कापायच्या अर्धा-पाऊण तास आधी लावायची. म्हणजे ऑर्डर असेल तर फुलं वेगळ्या डब्यात द्या आणि कशी ठेवायची त्याचा फोटो पाठवा. लोकांना ते आवडतं, आपण केलंसं वाटतं. बटरक्रीम आपल्या उन्हाळ्यात लोण्यासारखंच वागतं, ३० अंशांच्या पुढे मऊ पडतं. मार्च ते जून व्हाइट चॉकलेटचं घट्ट गनाश (क्रीममध्ये वितळवलेलं चॉकलेट) किंवा नॉन-डेअरी क्रीम घ्या. चवीला फ्रेश क्रीमच वरचढ, पण बर्डीहून हिंगण्यापर्यंत ते टिकवायचं तर एसी गाडी हवी.

फुलं थोडी ठेवा. एका बाजूला चार-पाच, एक-दोन कळ्या, बाकी मोकळं. केकभर फुलं पसरली की फुलदाणी वाटते आणि कापणाऱ्याला सुरी कुठे घालायची कळत नाही.

ऑर्डर घेताना दोन प्रश्न विचाराच: परागांची, फुलांची ॲलर्जी कोणाला आहे का, आणि खाणाऱ्यांत तान्हं मूल किंवा गरोदर बाई आहे का. उत्तर हो असेल तर बिनफुलांचा केक सुचवा. डब्यावर चिठ्ठी लावून फुलांची नावं लिहा: "देशी गुलाब, गोकर्ण, घरची, फवारणी नाही." मे महिन्यात ताज्या फुलांच्या ऑर्डरीला मी नाही म्हणते आणि फेब्रुवारीत साखरेत घोळवून ठेवलेली पॅन्सी दाखवते. बहुतेक जण तीच घेतात.